वरची आजी आणि आमचा गहू

परवा गहू आला. आता गहू येतो म्हणजे काय, फोन केला की मुलगा तीस-तीस किलोच्या पांढऱ्या बॅगा घेऊन लिफ्टने वर येतो, सॉरटेक्स केलेला, मशीनने स्वच्छ, औषधालाही खडा सापडायचा नाही. तरी दुपारी एक बॅग फोडली, परातीत गहू ओतला आणि बाल्कनीत मांडी घालून बसले, गुडघा दुखतो तरी. हे म्हणाले अगं कशाला निवडतेस, काही निघतं का त्यातून. नाही निघत. पण एप्रिल महिना आणि हाताखाली गहू असला की मला वरची आजी आठवते, आणि तिच्याबद्दल लिहायचं लिहायचं म्हणता म्हणता वर्षं गेली, म्हणून आज बसले.

आमचं जुनं घर इंदूरला साउथ तुकोगंजमध्ये होतं, नाथ मंदिराच्या मागच्या अंगाला. खाली आम्ही, म्हणजे आजी, आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. वरच्या दोन खोल्या आणि गॅलरी काकांची, पण काकांची बदली भोपाळला झाली आणि त्या रिकाम्या पडल्या. 1978 च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, बाबांच्या ओळखीचे एक मराठी ख्रिश्चन गृहस्थ आले, मिशन हॉस्पिटलात हिशेब बघायचे, म्हणाले कॅनडाहून एक म्हातारं जोडपं आलंय, दोन वर्षं राहणार, दवाखान्यात काम करणार, चांगली माणसं आहेत, खोल्या द्याल का. बाबांनी आईकडे बघितलं, आईने आजीकडे, आणि आजी काही बोलली नाही, आमच्या घरात ह्याचा अर्थ हो असाच असायचा.

मी तेव्हा अकरा वर्षांची. मिशनरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पांढरा पायघोळ झगा आणि गळ्यात क्रॉस घातलेला उंच माणूस. आले ते वेगळेच. आजोबा सदुसष्ट वर्षांचे, बुटके, खाकी पँट आणि खिशात स्क्रूड्रायव्हर. आजी चौसष्टची, कमरेत जरा वाकलेली, केस अगदी कापसासारखे. ते पाद्री नव्हतेच. ओंटारिओमधल्या एका लहान गावात ते वीजखात्यात आणि ती नर्स, दोघं रिटायर झालेले. त्यांच्या चर्चमध्ये एकदा डॉ. रॉबर्ट मॅक्लुअर बोलायला आले होते, हे मॅक्लुअर म्हणजे आपल्या रतलामच्या मिशन दवाखान्यात 1954 ते 1967 सर्जन होते आणि परत गेल्यावर 1968 मध्ये युनायटेड चर्च ऑफ कॅनडाचे प्रमुख झाले, पाद्री नसलेला माणूस त्या जागेवर बसला तो पहिल्यांदाच. त्यांनी रतलामच्या ऑपरेशन थिएटरचं, वीज गेल्यावर काय होतं त्याचं वर्णन केलं, ते आजोबांच्या डोक्यात राहिलं. रिटायर झाल्यावर बायकोला म्हणाले, मला जनरेटर दुरुस्त करता येतो, तुला बाळंतिणी बघता येतात, अजून हातपाय चालतायत, जायचं का. एवढंच. हे सगळं आम्हाला हळूहळू कळलं, कारण सुरुवातीला त्यांचं हिंदी म्हणजे आठ-दहा वाक्यं होती आणि आईचं इंग्रजी मॅट्रिकचं.

आम्ही मुलं त्यांना वरची आजी आणि वरचे आजोबा म्हणायला लागलो, खालची आजी आमची होती म्हणून. आई तिला बाई म्हणायची. ती आईला ताई, आणि आजोबांनी शेजारच्यांचं ऐकून वहिनी उचललं, कुणालाही वहिनी म्हणायचे, भाजीवालीला पण.

त्यांचा दिवस मला पाठ होता कारण आमच्या डोक्यावरच चालायचा. पहाटे नाथ मंदिरातली घंटा व्हायच्या आधी वर दिवा लागायचा. मग वाचन. बायबलचं एक पान ते मोठ्याने वाचायचे, पुढचं ती वाचायची, रोज, आलटून पालटून. मला शब्द कळत नव्हते, अंथरुणात पडल्या पडल्या फक्त चाल ऐकू यायची, त्यांचा जाड आवाज, मग तिचा बारीक, मग दोघं गप्प. त्या गप्प राहण्यानंतर स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. आमच्या आजीची पोथी खाली त्याच वेळेला चालायची आणि कधीकधी दोन्ही वाचनं एकदम चालू असायची, वर एक, खाली एक, आणि मला ते फार आवडायचं, अजूनही पहाटे जाग आली की कान तेच शोधतात.

स्टोव्ह पाण्यासाठी. पाणी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायचं, फडक्याने गाळायचं, सुरईत भरायचं. आता त्याच वर्षी, 1978 मध्ये, इंदूरला नर्मदेचं पाणी आलेलं, त्यासाठी लोकांनी केवढं आंदोलन केलं होतं, नळाला पाणी आलं तेव्हा आमच्या आजीने नळाला हळदकुंकू लावलं होतं, आणि हे दोघं तेच पाणी उकळत बसलेत म्हणून बाबांना जरा लागलं. त्यांनी विचारलं तेव्हा वरच्या आजीने हात जोडले आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, पानी अच्छा है दादा, हमारा पेट नया है. बाबांनी त्यानंतर परत कधी विषय काढला नाही.

सात वाजता मिलचा भोंगा झाला की आजोबा सायकल काढायचे, पँटला क्लिप लावून. दवाखान्यात त्यांचं राज्य म्हणजे जनरेटर, ऑटोक्लेव्ह, सक्शन मशीन, बंद पडलेले पंखे. सुट्या भागांसाठी सियागंजच्या गल्ल्यांमधून हिंडायचे, दुकानदारांना चित्र काढून दाखवायचे. वरची आजी नऊला तांग्याने नाहीतर टेम्पोने जायची, नर्सिंगच्या मुलींना शिकवायची, बाळंतिणींच्या वॉर्डात बसायची. एक वाजता परत. जेवण, थोडी झोप, तीन वाजता आईकडे हिंदीचा तास, पाचला चहा, संध्याकाळी पत्रं किंवा भेटायला येणारी माणसं, नऊला दिवा बंद. रविवारी हिंदीत उपासना. मे महिन्यात मसुरीजवळ लँढोरला, तिथे मिशनऱ्यांसाठी हिंदी शिकवायची जुनी शाळा आहे, तिथे त्यांना पाठवायचे, एक म्हणजे भाषा आणि दुसरं म्हणजे ऊन, त्या वयात आपल्याकडचा मे सोसणं कठीणच.

रंगपंचमीला आजोबा गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर गेले आणि डोक्यापासून पायापर्यंत जांभळे होऊन आले, नाताळात आईने करंज्या करून दिल्या, गणपतीत ती आरतीला टाळ्या वाजवत दारात उभी राहायची. ह्या गोष्टी सगळ्यांकडे होतात. मला सांगायचंय ते वेगळं.

पहिल्यांदा पत्रांचं सांगते. दर महिन्याला ती टाइपरायटरवर एक मोठं पत्र लिहायची, कार्बन घालून चार-पाच प्रती, तिकडच्या चर्चला पाठवायला. त्यांच्या खर्चातला काही भाग तिथल्या बायकांनी केक विकून, जुने कपडे विकून जमवलेला असायचा, म्हणून हिशेबाची एक वही होती तिच्यात टेम्पोचे पैसेसुद्धा लिहिलेले असायचे. तर एकदा ती ते पत्र घेऊन खाली आली. म्हणाली ताई, इसमें आपके घर के बारे में लिखा है, मैं पढ़ूँ? भेजूँ या नहीं आप बताओ. आणि तिने मोडक्यातोडक्या हिंदीत अर्थ सांगत वाचलं. आमचं घर, आमची आजी, आम्ही मुलं, छान लिहिलं होतं. एका ठिकाणी लिहिलं होतं की ह्या घरात फ्रिज नाही, लोक गरिबीत पण आनंदात राहतात. आई एकदम ताठ झाली. आई रागावली की आवाज खाली यायचा तिचा. म्हणाली बाई, आम्ही गरीब नाही. माझे यजमान हायकोर्टात स्टेनो आहेत. आमच्याकडे माठ आहे, फ्रिजची गरज नाही म्हणून नाही. हे गरीब खोडा.

वरची आजी लाल झाली. काही बोलली नाही, वर गेली. मला वाटलं संपलं, आता भांडण. थोड्या वेळाने टाइपरायटरचा आवाज सुरू झाला आणि खूप वेळ चालला, पूर्ण पत्र तिने परत टाइप केलं, सगळ्या प्रती. संध्याकाळी नवीन कागद घेऊन आली आणि तेवढं वाक्य वाचून दाखवलं, माठ कसा असतो, त्यातलं पाणी बाहेरच्या हवेने कसं गार होतं, वाळ्याची पुरचुंडी कशी टाकतात असं सगळं लिहिलं होतं. आईने मान हलवली. त्या दिवसापासून ती आमच्याबद्दलची प्रत्येक ओळ आईला विचारून पाठवायची. मी पुढे पुष्कळ लोकांचं लिहिलेलं वाचलं, आपल्याकडे येऊन आपल्याबद्दल लिहिणाऱ्यांचं, आणि दर वेळेला मनात येतं की ह्यांनी कुणाला वाचून दाखवलं असेल का.

दुसरं धर्माचं. हे न लिहिणं खोटेपणाचं होईल. मोहल्ल्यात कुजबुज होतीच, की हे धर्म बदलायला आलेत, मुलांना बिस्किटं देतील आणि बाटवतील. आमचे एक नातेवाईक तर दोन वर्षं घरी आले नाहीत. बाबांचा स्वभाव सरळ विचारायचा. एका संध्याकाळी ओटल्यावर खुर्च्या टाकून बसले आणि आजोबांना म्हणाले, साहेब, तुम्ही आम्हाला ख्रिश्चन करायला आलात का. आणि बाबा कोर्टातले, त्यामुळे पुढचं सगळं बैजवार सांगितलं, की मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा 1956 चा अहवाल काय होता, 1968 मध्ये मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, जबरदस्तीने, आमिष दाखवून किंवा फसवून धर्मांतर करणं गुन्हा, धर्मांतर झालं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि आत्ताच 1977 मध्ये स्टॅनिस्लॉसच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की धर्माचा प्रचार करायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचा धर्म बदलायचा हक्क नव्हे. सगळं इंग्रजीत, हळूहळू, कारण आजोबांना नीट समजलं पाहिजे.

आजोबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग जे म्हणाले ते बाबांनी नंतर आम्हाला कितीदा सांगितलं. म्हणाले, माझा येशूवर विश्वास आहे, तो मी लपवणार नाही, तुम्ही विचारलंत तर आनंदाने सांगेन. नाही विचारलंत तर तुमचा पंखा दुरुस्त करेन. दोन्ही त्याच्यासाठीच. बाबा म्हणाले ठीक आहे. आणि मग त्यांनी खरंच विचारलं, पुढची दोन वर्षं विचारत राहिले, दोघंही ओटल्यावर बसून वाद घालायचे, बाबा ज्ञानेश्वरीतल्या ओव्या इंग्रजीत समजवायचे, आजोबा त्यांना येशूचं डोंगरावरचं प्रवचन. कुणीही जागचं हललं नाही, बाबा बाबाच राहिले आणि ते तेच. पण मोहल्ल्यात कोणी काही बोललं की बाबा म्हणायचे, मी विचारलंय, माझ्यासमोर बोला.

आणि आमची आजी. आजीचं सोवळं कडक. वरच्या आजीला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू दिला नाही तो शेवटपर्यंत नाही, हे मी गोड करून सांगणार नाही. पण पहिल्याच महिन्यात आजीने एक पाट वेगळा काढला आणि ओसरीवर, उंबरठ्याच्या अगदी लगत ठेवला, हा तिचा म्हणाली. तिचा कप पण वेगळा होता, पण तो आजी स्वतः घासायची. आईला हे बरोबर वाटत नव्हतं. मला आज वाटत नाही. तरी आजीचं एक दुसरं टोक होतं. इंदूरला हे कॅनडाचं मिशन 1877 मध्ये आलं, तुकोजीराव होळकरांचं आणि त्यांचं शहरात उपदेश करण्यावरून चांगलंच वाजलं होतं, कॉलेज काढलं 1887 मध्ये, तेच ख्रिश्चन कॉलेज जिथे किशोरकुमार शिकले. पण घराघरातल्या बायकांना मिशन माहीत झालं ते त्यांच्या डॉक्टरणींमुळे. पुरुष डॉक्टरला कोण दाखवणार त्या काळात, तर 1884 मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या आणि दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर. लोक म्हणायचे मडमांचा दवाखाना. आजीची मोठी बहीण आडवी आली होती आणि मडमांच्या दवाखान्यात सुटका झाली, मायलेकी दोघी वाचल्या, हे आजीने तिच्या आईच्या तोंडून ऐकलेलं. वरच्या आजीला हे सांग असं तिने आईला सांगितलं, आणि आईने सांगितल्यावर ती पाटावर बसल्या बसल्या कितीतरी वेळ आमच्या आजीकडे बघत राहिली.

आता गहू.

इंदूरला तेव्हा वर्षाचा गहू भरायचे, एप्रिलमध्ये. बाबा छावणीच्या अनाज मंडीतून पोती आणायचे, हातठेल्यावर, आमच्याकडे अडीच क्विंटल लागायचा. ओसरीवर चादरी अंथरून ढीग ओतायचा, आणि मग आठ-दहा दिवस दुपारभर शेजारच्या बायका आमच्याकडे, मग आम्ही त्यांच्याकडे. चाळायचा, सुपात पाखडायचा, परातीत घेऊन निवडायचा, मातीची ढेकळं, खडे, काड्या, कुसळं. मग उन्हं दाखवायची, मग हाताला एरंडेल घेऊन गव्हाला चोळायचं म्हणजे कीड लागत नाही, आणि पत्र्याच्या कोठीत भरायचा, मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला. सगळ्या घराला एरंडेलाचा वास.

1979 च्या एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी वरची आजी जिन्यात उभी राहून बघत होती. मग खाली आली, पाट ओढला, आणि आईला म्हणाली, मुझे भी काम दो ताई. आई म्हणाली तुम्ही राहू द्या बाई, ऊन आहे. ती म्हणाली, वहाँ दवाखाने में सब मुझे मेमसाब बोलते हैं, कुर्सी देते हैं. कुर्सी नहीं, काम दो. तर आमच्या आजीने परातीत चार ओंजळी गहू घातला आणि तिच्यापुढे सरकवली. बस. त्या वर्षी ती रोज दुपारी दोन ते पाच आली, हिंदीचा तास तिथेच व्हायचा, कंकड, तिनका, भूसा, सूप, छलनी, सगळे शब्द हातात धरून शिकली. नंतर नंतर बोलणंही कमी झालं. चार-पाच बायका, खाली माना, गव्हाचा सळसळ आवाज, आणि कुणीतरी मध्येच काहीतरी पुटपुटायचं. मला तेव्हा कळायचं नाही, की एवढी शिकलेली बाई, सातासमुद्रापलीकडून आलेली, आणि आमचा गहू निवडत काय बसते. लँढोरची तारीख ठरली होती ती तिने चार दिवस पुढे ढकलली. गेहूँ पूरा नहीं हुआ, असं त्यांना सांगितलं म्हणे.

1980 च्या एप्रिलमध्ये तिच्या बहिणीचं पत्र आलं, म्हणजे बहीण गेल्याचं पत्र, भाच्याने लिहिलेलं. पंधरा दिवस लागले होते यायला. अंत्यविधी होऊन गेलेला, फुलं सुकून गेलेली, सगळं संपलेलं. फोन म्हणजे ट्रंककॉल, तो बुक करून दिवसभर बसा आणि तीन मिनिटं हॅलो हॅलो करा, आणि आता कुणाला करणार. आजोबा दवाखान्यात होते. ती निळा कागद हातात घेऊन खाली आली, पाटावर बसली, कागद पदराखाली ठेवावा तसा मांडीखाली ठेवला, आणि परात ओढून निवडायला लागली. आईला आजोबांकडून संध्याकाळी कळलं, आम्हाला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, फक्त तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात चालू होते. शेजारच्या काकू काही विचारणार तेवढ्यात आमची आजी म्हणाली, रडू दे तिला, हात चालू आहेत ना, रडू दे. आणि स्वतःच्या परातीतला गहू थोडा थोडा तिच्या परातीत घालत राहिली, तिची परात रिकामी होऊ दिली नाही. पाच वाजले, चहाची वेळ झाली, तरी कुणी उठलं नाही.

त्या नोव्हेंबरात ते गेले. दोन वर्षं आणि थोडे दिवस. बाबांनी स्टेशनवर आजोबांना मिठी मारली, आम्ही बाबांना कुणाला मिठी मारताना पहिल्यांदा बघितलं. आजोबा जाताना आमच्या ओसरीच्या पंख्याचा रेग्युलेटर बदलून गेले.

हे सगळं मी विसरले नव्हते पण असं जवळही राहिलं नव्हतं. मुलगी कॅनडात ब्रॅम्प्टनला असते, 2023 मध्ये नात झाली तेव्हा आम्ही दोघं सहा महिने गेलो, नोव्हेंबर ते एप्रिल. सगळे जातात तसेच. मुलगी जावई कामाला, बाळ झोपलेलं, बाहेर बर्फ, आणि सगळं काम मशीन करणार, भांडी मशीन, कपडे मशीन, भाजीसुद्धा चिरलेली मिळते. सगळे म्हणायचे आई तू बस. शेजारी भेटले की हसून हाय म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे, चांगलीच माणसं, पण मला दिवसभर एक खुर्ची होती फक्त. जानेवारीत एक दिवस मी किचनमध्ये उभी होते आणि एकदम तिचा आवाज ऐकू आला, कुर्सी नहीं, काम दो. पंचेचाळीस वर्षांनी कळलं मला ते वाक्य. मी तिथेच रडले.

मुलीला म्हटलं मला कुठेतरी नेऊन बसव जिथे हाताला काही मिळेल. तिने शोधलं, जवळच्या एका चर्चच्या तळघरात गरजू लोकांसाठी आठवड्यातून एकदा जेवण करतात, कुणीही मदतीला गेलेलं चालतं. मी गेले. माझं इंग्रजी आईपेक्षा फार पुढचं नाही, पण तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे बघितलं, गाजरांची टोपली आणि सोलणं पुढे सरकवलं, आणि आम्ही दोघी दोन तास गाजरं सोलत बसलो, ती काहीतरी सांगत होती, मी हो हो करत होते. त्यानंतर मी दर बुधवारी गेले, एप्रिलपर्यंत. हे पण यायला लागले, बटाटे धुवायला. मला कुणी धर्म विचारला नाही, एकीने टिकलीबद्दल विचारलं ते मी सांगितलं, तिला दोन टिकल्या दिल्या.

वरच्या आजीची पत्रं यायची, वर्षाला दोन-तीन. 1984 मध्ये राजवाड्याला आग लागल्याचं आम्ही कळवलं तेव्हा आजोबांनी दोन पानं लिहिली होती, लाकडी मजल्यांबद्दल, फार हळहळले होते. मग 1986 मध्ये एक एरोग्राम आलं, मार्चअखेर. आजोबा फेब्रुवारीत गेले असं लिहिलं होतं, इंग्रजीत, चार ओळी, झोपेतच गेले, त्रास झाला नाही. आणि खाली देवनागरीत, आईने शिकवलेल्या अक्षरात, वाकडंतिकडं पण रेघ मारून त्याच्यावर नीट लिहिलेलं, मराठीत बरं का, हिंदीत नाही, ते वाक्य तिने आमच्या ओसरीवर रोज ऐकलेलं असणार,

ताई, गहू झाला का?

आमची आजी तेव्हा नव्हती, आदल्या वर्षी गेली होती. एरोग्राम आलं तेव्हा त्या साली गहू लवकर आलेला, ओसरीवर ढीग होता आणि आई एरंडेल चोळत होती. तिने बाबांना तसंच कोरं एरोग्राम काढायला सांगितलं, हात धुवायला पण उठली नाही, पुसले फक्त. तिला आत चार दाणे घालायचे होते. बाबा म्हणाले नाही चालत, ह्याच्यात आत काही ठेवता येत नाही, छापलेलंच असतं वर. मग तिने लिहिलं, होतोय, अडीच क्विंटल आहे, तुमचा पाट काढलाय, बसा. लिहिताना कागद धरला होता तिथे तिच्या अंगठ्याचा तेलकट डाग पडला, निळा कागद तेवढ्या जागी आरपार दिसायला लागला. बाबा म्हणाले दुसरं देतो, हे खराब झालं. आई म्हणाली राहू दे, तिला वास येईल.